भरतीच्या वेळेवर उघडणारं जंगल

बोरिवली स्टेशनात उतरून कुणालाही जंगलाची वाट विचारा, हात पूर्वेकडे जाईल. तिकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख, त्यात तुळशी आणि विहार तलाव, कान्हेरीची शंभरावर लेणी आणि इमारतींच्या भिंतींना लागून वावरणारे बिबटे. रविवारी सकाळी त्या फाटकापाशी मुलाबाळांसह माणसांची रीघ लागते. पश्चिमेच्या बाजूने रिक्षा किंवा बेस्टची बस पकडून गोराई खाडीवर जाणारेही पुष्कळ असतात. पण कुणी समुद्रकिनाऱ्याला निघालेला असतो, कुणी विपश्यना पॅगोड्याला, कुणी पलीकडच्या आपल्या घरी. धक्क्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या हिरव्या पट्ट्याकडे पाहून आपण जंगलाच्या दारात उभे आहोत, असं त्यांतल्या फारच थोड्यांच्या मनात येत असेल.

तो पट्टा कांदळवनाचा आहे, आणि ते अस्सल जंगल आहे. एवढंच नाही, एका बाबतीत ते पूर्वेच्या जंगलाच्याही पुढे आहे. राष्ट्रीय उद्यानातलं रान बहुतांशी पानझडी. मार्च-एप्रिलमध्ये तिथले साग निष्पर्ण होतात, काटेसावरीला आणि पांगाऱ्याला पानं नसतात, फक्त लाल फुलं असतात. त्याच दिवसांत खाडीकाठची तिवराची झाडं हिरवीगार असतात. उष्ण कटिबंधातलं सदाहरित अरण्य पाहायचं म्हणून आपण आंबोलीला जातो, अगुंबेला जातो, ज्यांना परवडतं ते बोर्निओपर्यंत जातात. बारा महिने पान न गाळणारं एक रान बोरिवली पश्चिमेच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर आहे, आणि ते बघायला जाण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजायचीच आहे. ती रुजावी, आणि नीट रुजावी, असं मला फार वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. गोराई नावाच्या दोन जागा आहेत. खाडीच्या अलीकडे बोरिवलीची गोराई, म्हणजे वसाहती, बसडेपो, धक्का. पलीकडे मूळ गोराई गाव. मनोरी, गोराई, उत्तन ही गावं ज्या भूभागावर आहेत त्याला धारावी बेट म्हणतात. दादर-सायनजवळची धारावी ती वेगळी. वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून हे बेट घेतलं, कारण वसईच्या किल्ल्याला समुद्राकडून येणारी रसद इथून रोखता येत होती. आजही इथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरं आहेत, भाजीचे मळे आहेत, चर्च आहेत, मासे वाळवायच्या वलांड्या आहेत. बोरिवलीहून तिथे जायचा जवळचा रस्ता म्हणजे लाँच. स्कूटर, सायकली, माशांच्या पाट्या, शाळेची दप्तरं, सगळं एकाच लाँचवर चढतं आणि काही मिनिटांत पलीकडे उतरतं.

ही खाडी आणि पूर्वेचं उद्यान एकमेकांना अनोळखी नाहीत. तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी उद्यानातून खाली येते, मग बोरिवली-दहिसरच्या वस्त्यांमधून, तबेल्यांच्या आणि नाल्यांच्या घाणीसह साधारण बारा किलोमीटर वाहून इथेच खाडीला मिळते. डोंगरावरच्या पानांचा पाचोळा आणि माती याच वाटेने येते. दोन्ही जंगलं एका नदीच्या दोन टोकांना आहेत, तरी एकाला फाटक, तिकीटखिडकी, माहितीकेंद्र, आणि दुसऱ्याला इतकी वर्षं नुसता धक्का.

पूर्वेच्या जंगलाचं पंचांग वर्षांचं आहे. कान्हेरीच्या उतारांवरची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. पश्चिमेच्या जंगलाचं पंचांग तासांचं. सव्वासहा तासांत पाणी चढतं, सव्वासहा तासांत उतरतं, आणि त्याबरोबर सगळं बदलतं. सकाळी जिथे निवट्या उड्या मारत होत्या तिथे दुपारी मासे पोहत असतात. म्हणून इथे जायचं तर घड्याळ बघून निघून चालत नाही. तिथी बघावी लागते.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. कोकणच्या साऱ्या किनाऱ्यावर एक हिशेब चालत आलेला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याचं हे गणित. थोडा फरक पडतो, पण होडी पाण्यात ढकलायला तेवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी जेमतेम हलतं. मुंबईत पावसाळी उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं तेव्हा वर्तमानपत्रं पहिल्या पानावर इशारा छापतात. खाडीतल्या झाडांना तो इशारा वर्षभर, दर पंधरवड्याला, आपोआप मिळत असतो.

कांदळवन पाहायला सगळ्यांत चांगली वेळ म्हणजे उधाणाच्या दिवसांतली सकाळची ओहोटी. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झाले की ही वेळ जमते. सहज लक्षात राहील असा एक दिवस आहे, भाऊबीज. कार्तिक शुद्ध द्वितीया. हिशेबाने भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी सात-साडेसातच्या आगेमागे पाणी पार खाली गेलेलं असणार. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, उत्तरेकडचे पाहुणे पक्षी नुकते उतरलेले. ओवाळणीच्या आधी दोन तास काढता येतात, आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरी परतता येतं.

त्या वेळी धक्क्याच्या कडेला उभं राहिलं की पहिल्यांदा दिसतो तो चिखल, आणि चिखलातून वर आलेल्या हजारो बारीक काड्या. कुणीतरी मुद्दाम रोवून ठेवल्यासारख्या. ती तिवराची श्वसनमुळं. खाडीच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळांना श्वास घ्यायला जमिनीबाहेर डोकं काढावं लागतं. दोन-तीन माणूस उंचीच्या एका तिवराभोवती अशी दहा हजारांपर्यंत मुळं असू शकतात. भरती आली की ती बुडतात, ओहोटीला पुन्हा उघडी पडतात. त्यांच्यावर पाय पडला तर ती मोडतात, आणि एका माणसाच्या दहा पावलांत एका झाडाचा बराच श्वास जातो. कांदळवनात मोकाट फिरू नये, याचं कारण हे.

मुंबईच्या खाड्यांमध्ये सगळ्यांत जास्त झाडं तिवराचीच. खारेपणा, सांडपाणी, तेलाचे तवंग, सगळं सोसून हे झाड उभं राहतं. त्याची पानं पालथी करून पाहिली तर राखाडी दिसतात, आणि उन्हाच्या दिवसांत पानांवर मिठाचे बारीक कण जमलेले असतात. मुळांतून घेतलेलं खारं पाणी गाळूनही जे मीठ आत येतं ते तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. बोट फिरवून जिभेला लावलं की खात्री पटते; मुलांना ही चव आयुष्यभर लक्षात राहते. जवळच मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करणारा, दिवसाला वीस कोटी लिटरांचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. तिथे जे काम विजेवर आणि यंत्रांवर व्हायचं, ते या चिखलात प्रत्येक झाड उन्हाच्या बळावर आपल्यापुरतं करत आलं आहे.

तिवराच्या पलीकडे, पाण्याच्या जास्त जवळ, कांदळ दिसतो. त्याची मुळं खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात आणि झाड अनेक पायांवर उभं असल्यासारखं वाटतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. हिरव्या शेंगेसारखा लांब कोंब महिनोन्‌महिने फांदीला लोंबतो, आणि तयार झाला की खाली सुटतो. ओहोटी असेल तर चिखलात उभा रुततो, भरती असेल तर तरंगत दुसऱ्या काठाला लागतो आणि तिथे मूळ धरतो. जन्मल्या जागीच रोप होऊन बाहेर पडायची ही तऱ्हा मी कितीही वेळा पाहिली तरी थांबून पाहावीशी वाटते.

चिप्पी या जंगलातलं सगळ्यांत देखणं झाड. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. असा वृक्ष ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. तिची फुलं रात्री उमलतात, पांढऱ्या केसरांचा झुबका असतो, वटवाघळं आणि पतंग मधासाठी येतात आणि सकाळपर्यंत केसर गळून पडतात. किनाऱ्याच्या वरच्या बाजूला काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची मारंडी असते. मिसवाकची झुडपं असतात. गेवा भेटला तर त्याला हात लावू नये; त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळे सुजतात, काही काळ दिसेनासंही होतं. सोबतचा माणूस जाणता असावा तो अशासाठी.

आता प्राणी. वाघ-हत्तींची सवय लागलेल्या नजरेला इथे सुरुवातीला काहीच दिसत नाही. चिखल हलतो एवढंच कळतं. मग एका जागी दहा मिनिटं न बोलता थांबायचं. सावली हलली की बिळात गेलेले सगळे हळूहळू बाहेर येतात. निवटी हा मासा पाण्याबाहेर राहतो, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत. डोळे डोक्याच्या वर, पुढचे पर हातासारखे टेकवत तो चिखलावरून सरपटतो, आणि दुसरा नर जवळ आला की पाठीवरचा निळ्या ठिपक्यांचा पर शिडासारखा उभा करून उडी मारतो. कोळीवाड्यात निवट्यांचं कालवण मोठ्या आवडीने खातात. त्या पकडणं मात्र सगळ्यांना साधत नाही. त्यांच्या शेजारीच फिडलर खेकडे. नराची एक नांगी त्याच्या अंगाच्या मानाने भलीमोठी, ती तो माद्यांसाठी सारखी हलवत असतो, आणि छोट्या नांगीने चिखल उचलून त्यातलं खाणं काढून घेतो. उरलेल्या चिखलाच्या गोळ्या बिळाभोवती मांडलेल्या दिसतात. मोठ्या चिंबोऱ्या मुळांच्या गुंत्यात खोल असतात. माहीतगार बायका ओहोटीला येऊन त्या हुकाने ओढून काढतात, आणि दगडांवरची कालवं कोयतीने फोडून गर काढतात.

पक्षी बघणाऱ्याला तर खाडी कधी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. उघड्या गाळावर शेकाटे लाल पाय टाकत फिरतात, तुतवार शेपूट हलवत काठाने पळतात, बगळे आणि ढोकरी पाण्याच्या कडेला उभे असतात. शराटी आपली वाकडी चोच चिखलात खुपसून चालतात. हिवाळ्यात कुरव आणि सुरय लाँचच्या मागे येतात, आणि नशीब असेल तर कैकर वरून सूर मारून मासा उचलताना दिसतो. रोहित पक्ष्यांचे मोठे थवे मात्र शहराच्या दुसऱ्या अंगाला, ठाणे खाडीत. तिथला सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा मान मिळाला. गोराईला त्या गुलाबी थव्यांची अपेक्षा ठेवून येऊ नये. इथलं वैभव जवळून, सावकाश पाहण्याचं आहे.

अंधार पडला की आणखी एक रहिवासी बाहेर येतो. कोल्हा. मुंबईच्या कांदळवनांत सोनेरी कोल्हे आहेत, हे बऱ्याच मुंबईकरांना ठाऊक नसतं. खेकडे, उंदीर, पडलेली फळं, कचऱ्यातलं खरकटं, असं मिळेल ते खाऊन ते जगतात. कचऱ्यामागे भटके कुत्रे येतात आणि कुत्र्यांकडून रेबीज कोल्ह्यांत पसरतो. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात कोल्ह्यांनी माणसांवर हल्ले केले, तेव्हा हा रोग त्यांच्यात सापडला. खाडीकाठी वेफर्सचं पाकीट आणि खरकटं टाकणाऱ्याने ही साखळी नजरेसमोर आणावी.

कचऱ्याचं नाव निघालं, तर गोराईबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच खाडीच्या काठावर, बोरिवलीच्या बाजूला, १९७२ पासून ३५ वर्षं शहराची कचराभूमी होती. सुमारे वीस हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साठला. ढिगाची सरासरी उंची २६ मीटर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढी. त्यातून झिरपणारं काळं पाणी खाडीत जायचं. २००७ अखेर तिथे कचरा टाकणं थांबलं, आणि मग तो डोंगर शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आला. उतार बांधले, वर अभेद्य थर घातले, माती आणि गवत आलं, आतला वायू गोळा करायला नळ्या टाकल्या. देशातल्या अशा पहिल्या मोठ्या कामांपैकी हे एक. ज्या पिढीने गोराईचं नाव वासामुळे लक्षात ठेवलं, तिला आज त्या हिरव्या टेकाडाकडे बोट दाखवून ओळख पटवावी लागते. आणि कचऱ्याच्या इतकी वर्षं शेजारी राहूनही तिवर तिथून हटले नाहीत, ही मला या खाडीतली सगळ्यांत धीर देणारी गोष्ट वाटते.

दुसऱ्या एका पिढीने गोराई ओळखली ती एस्सेलवर्ल्डमुळे. १९८९ मध्ये ते करमणूक उद्यान सुरू झालं, १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं, आणि शाळेच्या सहलींनी भरलेल्या लाँच या खाडीतून जाऊ-येऊ लागल्या. २००९ मध्ये जागतिक विपश्यना पॅगोड्याचं लोकार्पण झालं, त्याच्या सोनेरी घुमटाकडे जाणारेही याच पाण्यावरून जातात. लाखो मुलांनी कांदळवनाच्या मधून प्रवास केला आणि कुणी त्यांना तिथे थांबवून एक पान दाखवलं नाही. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद पडलं. त्या मुलांपैकी पुष्कळांना आता मुलं आहेत, आणि खाडी तिथेच आहे.

कांदळवन बघायला जायची वेळ आज आली, कारण ते वाचलं. ते आपसूक वाचलेलं नाही. खाजण म्हणजे पडीक जमीन, भराव टाकून इमारत उभारायला मोकळी, असा समज मुंबईत फार काळ होता. वांद्र्यापासून मालाडपर्यंत कितीतरी वसाहती आणि कार्यालयं कांदळवनाच्या भरावावर उभी आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी समोरासमोर आलं, आणि त्यांना सामावून घेणारी मिठी नदीकाठची खाजणं जागेवर नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला आणि त्यावर भराव टाकायला मनाई केली. २०१२ मध्ये वनविभागाने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. देशात असा कक्ष आधी कुठेच नव्हता. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक कांदळवन दिवस जाहीर केला, तो २६ जुलैचा. त्या तारखेमागची आठवण दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची आहे, मुंबईची नाही. पण मुंबईकराला ती तारीख पाठ करावी लागत नाही.

या सगळ्याच्या पुढची पायरी म्हणून बोरिवलीच्या बाजूला, सुमारे आठ हेक्टरांवर, राज्य शासनाने गोराई कांदळवन उद्यान आखलं आणि बांधायला घेतलं. त्याची कल्पना मला पटते. जमिनीपासून वर उचललेली पाऊण किलोमीटरच्या आसपास लांबीची पायवाट झाडांमधून खाडीकडे जाते, म्हणजे माणसाचा पाय मुळांवर पडत नाही आणि भरतीचं पाणी खालून मोकळं फिरतं. शेवटी पक्षी पाहायला मनोरा, सुरुवातीला माहितीकेंद्र, आणि पाण्यातून कायाक वल्हवत जायची सोय, असा तो बेत. चिखलात न उतरता चिखलाच्या मधोमध उभं राहता येणं ही या जंगलासाठी फार मोठी गोष्ट आहे. चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांना जर निवटी दाखवता आली, तर त्या पायवाटेवरचा सगळा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

पण पायवाट आणि मनोरा एवढ्याने जंगलाची भेट होत नाही. सोबत कोण आहे, हे महत्त्वाचं. या बाबतीत महाराष्ट्रातच एक उत्तम उदाहरण आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून स्वामिनी महिला बचत गट कांदळवन सफारी चालवतो. मच्छीमार घरांतल्या या बायका स्वतः होडी वल्हवतात, झाडं ओळखून दाखवतात, पक्ष्यांची नावं सांगतात. त्यांना प्रशिक्षण मिळालं, होड्या मिळाल्या, पण खाडी त्यांना आधीच पाठ होती. पर्यटक जे पैसे देतो ते त्यांच्या घरी जातात. त्याच सुमारास राज्याने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आणली, त्यात किनाऱ्यावरच्या गावांतल्या गटांना खेकडेपालन, कालवपालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन यांसाठी मदत मिळू लागली. गोव्यात चोडण बेटावर, मांडवी नदीच्या काठी, दोन चौरस किलोमीटरांपेक्षाही लहान असं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. फेरीबोटीने जायचं, कांदळवनातल्या वाटेने चालायचं किंवा होडीतून फिरायचं. आकार लहान असला म्हणून त्याचं महत्त्व कुणी कमी लेखत नाही. गोराईला हे दोन्ही धडे उपयोगी आहेत.

गोराई, मनोरी, उत्तनच्या लोकांना पर्यटन हा शब्द ऐकून सावध व्हायला कारणही आहे. २००६ च्या सुमारास या गावांच्या हजारो हेक्टर जमिनीवर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव आला होता. गावकऱ्यांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, चर्चच्या आवारांत आणि कोळीवाड्यांत रात्री-रात्री चर्चा झाल्या, आणि तो प्रस्ताव मागे पडला. शेती आणि मासेमारी दोन्ही जातील आणि हाती फक्त हॉटेलांतली नोकरी येईल, ही त्यांची भीती होती. ती रास्त होती. म्हणून कांदळवन पाहायला येणारा पाहुणा या गावांवर भार होऊन आला तर ते कामाचं नाही. पाग टाकणारा कोळी खाडीत उभा असताना त्याच्या जाळ्यावरून कायाकची रांग जाणार असेल, तर तो पाहुणा कुणालाच नको.

आणखी एक गोष्ट न बोलता पुढे जाता येत नाही. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याचा आराखडा चारकोप, गोराई, दहिसर असा याच खाड्यांवरून जातो. या कामात ४५ हजारांहून अधिक कांदळवृक्षांना झळ पोहोचेल, असं महापालिकेच्याच अर्जात नमूद होतं. गाडीने पश्चिम उपनगरातून उत्तरेला जायला किती वेळ जातो हे मलाही माहीत आहे. रस्ता नकोच असं म्हणणं सोपं नाही. पण एका काठावर आठ हेक्टरांत लोकांना झाडं दाखवायची आणि त्याच खाडीच्या पट्ट्यात कितीतरी पट झाडं काढायची, हे दोन निर्णय एकाच शहराचे आहेत. त्या बदल्यात दुसरीकडे रोपं लावणार, हे उत्तर कांदळवनाला पुरेसं पडत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्याचा ठरावीक चढ-उतार जिथे आहे तिथेच हे रान वाढतं, आणि दहिसर नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या झाडाचं काम दुसऱ्या जिल्ह्यातलं रोप करू शकत नाही. उद्यान पाहायला येणाऱ्या प्रत्येक शाळेच्या मुलांना हा नकाशाही दाखवला पाहिजे. मुलं समजूतदार असतात, त्यांच्यापासून लपवण्याचं काही कारण नाही.

जायचंच असेल त्याच्यासाठी थोडं कामाचं. ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. पावसाळ्यात खाडी खवळलेली असते, लाँच बंदही राहते, आणि उधाणाला काठावर जाऊ नये. फिकट, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण चिलटं आणि डास संध्याकाळी सोसवत नाहीत. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर ओहोटीला तिच्यावाचूनही भागतं. स्पीकर घरी ठेवावा. खाण्याचे डबे न्यावेत, पाकिटं नकोत. लाँच पकडून पलीकडे जावं, परतताना भरती आलेली असेल, म्हणजे सकाळी पाहिलेली तीच झाडं गळ्यापर्यंत पाण्यात उभी दिसतील. एकाच दिवशी दोन्ही पाहणं सगळ्यांत चांगलं. गोराई गावात ताजी मासळी आणि भाजी मिळते, ती घ्यावी. कुणाच्या अंगणात शिरून घराचे फोटो काढू नयेत.

आणि उद्यानाच्या दाराशी एक फळा असावा, अशी माझी कांदळवन कक्षाला मनापासून विनंती आहे. त्या फळ्यावर रोज सकाळी खडूने आजची तिथी, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, पाणी किती चढणार, एवढं लिहिलेलं असावं. प्रवेशाची वेळ दहा ते पाच अशी वर्षभर ठरलेली न ठेवता या फळ्यावरून ठरावी. उधाणाची सकाळची ओहोटी असेल तेव्हा फाटक सहाला उघडावं. चिप्पी फुलते त्या दिवसांत काही ठरावीक संध्याकाळी, मोजक्या माणसांना, अंधार पडेपर्यंत थांबू द्यावं. दिवसाला किती माणसं आत सोडायची त्याची मर्यादा पहिल्या दिवसापासून असावी, गर्दी झाल्यावर नंतर नाही. होडी चालवणारे आणि वाट दाखवणारे गोराई, मनोरी, उत्तनच्या कोळीवाड्यांतले आणि ईस्ट इंडियन वाड्यांतले असावेत, बायका त्यांत निम्म्या तरी असाव्यात, त्यांना वर्षभराचं मानधन असावं, आणि तो फळा रोज त्यांच्यापैकीच कुणीतरी लिहावा.